तात्याचं शेवटचं प्रकरण

बेळगाव, ३ डिसेंबर १९४०

सकाळी शाळेआधी बसलो. एक ओळ झाली, तीही खोडली. माझा शिवराम तुर्कांच्या छावणीत तारेच्या कुंपणापाशी उभा आहे, तो गेल्या दिवाळीपासून उभाच आहे. मागचं सगळं लिहून तयार. उचगावचं घर, लग्न, पलटणीतली भरती, बोट, बसरा, वेढा, उपासमार, शरणागती. पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. घरात कुणालाच नाही. शिवराम म्हणजे माझा थोरला चुलता, तात्या. सोळा साली तो कैद झाला एवढं सरकारकडून कळलं. नंतर बेपत्ता. तिथून पुढं कोरं.

सहा वर्षं हे घेऊन बसलोय. पहिलीच कादंबरी, आणि तिला शेवट नाही.

५ डिसें.

थोरली आई भाकरी थापता थापता विचारते, "त्येनी आलं का रं घरला?" म्हणजे कादंबरीत. मी म्हणतो, अजून नाही. ती म्हणते, येऊ दे सावकाश.

ती तात्याची बायको. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हापासून हिनंच वाढवलं. चुलती म्हणायला जीभ वळत नाही. नोकरी लागल्यावर खासबागेत बिऱ्हाड केलं, तेव्हा आप्पा उचगावला शेतीवर राहिले आणि ही माझ्याबरोबर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पंचवीस वर्षं.

निम्मी कादंबरी तिचीच आहे. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तात्यानं शेजारच्या धोंडीलाही 'चल रं, जग बघून येऊ' म्हणून कसं बरोबर नेलं. स्टेशनावर गाडी हलली तेव्हा चारचौघांत बायकोकडं बघायची लाज वाटून 'पाखऱ्याला जपा' असं बैलाचं नाव घेऊन कसा म्हणाला. हे कुठल्या लेखकाला सुचलं असतं? मला तरी नाही.

१४ डिसें.

कुलकर्णी मास्तरांनी (शाळेत संस्कृत शिकवतात, माझे एकमेव वाचक) परत तेच सांगितलं. मारून टाका हो त्याला, वाचक ताटकळलाय. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांच्या स्वैपाकघरात कुणी कुंकू लावून बसलेलं नाही.

थोरल्या आईचे भाऊ दोनदा आले होते, आमच्याच घरात ऐकलेलं. वय लहान आहे, पाट लावून देतो म्हणाले. ती म्हणाली, "माझं मालक हैत." पेन्शनच्या कागदावर अंगठासुद्धा दिला नाही, कारण त्यावर 'विधवा' लिहिलं होतं. अशा बाईच्या घरात बसून मी लिहायचं, की शिवराम मेला.

२ जानेवारी १९४१

कॅम्पात एक पेन्शनर शिपाई भेटला. म्हणाला, निपाणीचे इंगळे हवालदार कैदेत होते. बेळगावकडची माणसं त्यांच्याच टोळीत होती. जिवंत आहेत, तंबाखूची शेती आहे.

जाऊ की नको?

१६ जाने., निपाणी

संक्रांतीला जोडून रजा घेतली. सर्व्हिस मोटारनं आलो. संकेश्वरपासून पुढं रस्ताभर उसाच्या गाड्या. निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास घशात बसतो. ठसका थांबेना.

इंगळे साठीच्या पुढचे, ताठ, एक कान गेलेला. उचगाव म्हटल्यावर लगेच तात्याचं नाव घेतलं. मला वाटलं, आता सांगतील कुठल्या वाळूत पुरलं ते. मी वहीसुद्धा काढली.

म्हणाले, मुंबईला आम्ही एकाच बोटीतून उतरलो.

मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. तात्या कैदेतून सुटला, मुंबईला आला. बंदरावर सगळे आपापल्या गावच्या गाडीची चौकशी करत होते. तात्या म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. इंगळ्यांनी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "धोंडीच्या आईला काय सांगू?"

मग धोंडीचं सांगितलं. वाळवंटातून चालवत नेत होते. पाणी नाही. बूट फाटले की पाय गेला आणि पाय गेला की माणूस गेला, मागं राहिलेल्याकडं कुणी बघायचं नाही. तात्याचे बूट फाटले होते. धोंडी तापानं पडला. तात्या त्याच्यापाशी बसला, थोडा वेळ डोकं मांडीवर घेतलं. मग त्याचे बूट काढून स्वतःच्या पायात घातले, त्याची पाण्याची बाटली घेतली आणि चालू लागला. धोंडी बघत होता. हाक मारत होता म्हणाले.

"आम्ही पण तेच केलं असतं," इंगळे म्हणाले. "आमच्याबरोबर गावचं कोण नव्हतं, एवढंच."

दोन वर्षांनी त्यांना तात्या परळला दिसला. गिरणीतून बाहेर पडत होता. नावानं हाक मारली तर थांबला नाही.

नंतरचं ठाऊक नाही. असेल, नसेल.

निघताना हात धरून म्हणाले, मास्तर, माझं नाव कुठं घालू नका.

१७ जाने.

परत. थोरल्या आईनं विचारलं कुठं गेलतास. निपाणीला, शाळेच्या कामाला, म्हटलं. निपाणीत शाळेचं काय काम, असं तिनं विचारलं नाही.

बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, त्यांच्या कानावर घालू नका. नवरा मेला तर बाई सोसते. जिवंत राहून आला नाही, हे कसं सोसायचं?

२६ जाने., उचगाव

आप्पांना सांगितलं. मळ्यात, बांधावर बसून. तात्या त्यांचा पाठचा नव्हे, पुढचा भाऊ. वाटलं रडतील. त्यांनी मार्कंडेय नदीच्या बाजूला तोंड केलं. पहिला प्रश्न: "धोंडीचं कुणाला बोललास?"

बायकोला, म्हटलं.

म्हणाले, तिथंच थांबव. धोंडीची आई, गौराक्का, अजून आहे. दोन्ही घरांची भिंत एक आहे. नांगरट, मळणी, लग्नं, सगळं एकमेकांच्या हातानं होतं. तिचे नातू शिकलेले आहेत, पुस्तक वाचतील. मग म्हणाले, "तू त्याला लढाईत मार. मानानं मार. सरकारला बी कळलं न्हाय ते तुला कशाला कळाय पायजे?"

मुंबईला जाऊन शोधू या का, म्हटलं. ते उठून पाणी धरायला गेले.

पांढऱ्या केसांचा, वाकलेला माझा बाप. पाठमोरा अगदी तात्यासारखा दिसत असेल, असं वाटून गेलं. मला तात्याचा चेहरा आठवत नाही. खांदा आठवतो फक्त, त्यावर बसलेलो.

९ फेब्रु.

लिहिलं. जसं ऐकलं तसं. बूट, बाटली, हाक, बंदर, परळ. तीन सकाळींत झालं. हात थांबला नाही. सहा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

१५ फेब्रु.

कु. मास्तरांनी वाचून परत दिलं. टाचणसुद्धा नाही समासात, एरवी र्‍हस्वदीर्घासाठी पान लाल करतात. म्हणाले, आधीचं सगळं एका चांगल्या मास्तरानं लिहिलंय. हे लेखकानं.

मी म्हटलं, हे छापता येणार नाही.

चहा प्यालो.

२० फेब्रु.

पुण्याच्या प्रकाशकांचं उत्तर. लढाईमुळं कागद मिळेनासा झालाय. पुरी कादंबरी पावसाळ्याआधी हातात पडली तर बघू, नाहीतर आता लढाई संपल्यावर. म्हणजे कधी?

मागल्या लढाईची गोष्ट, आणि ह्या लढाईमुळं अडलेली. कॅम्पाच्या मैदानात रोज नवी पोरं रांगेत उभी असतात.

१३ मार्च

होळी. थोरल्या आईला ताप. पोळ्या सुमननं केल्या. थोरली आई अंथरुणातून तिला म्हणे, पुरण बिघडलं तरी चालंल, रडू नगंस.

२२ मार्च

ताप उतरला, खोकला राहिला. डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे, जपा. जपायचं म्हणजे काय ते सांगितलं नाही. वय चव्वेचाळीस, दिसते साठीची.

शेजारचे माग सकाळपासून खडखडतात. त्या आवाजात ती पडून असते. मी शाळेला निघताना ती विचारत नाही आता, आलं का घरला म्हणून. न विचारलेलं जास्त ऐकू येतं.

३ एप्रिल

आज विचारलं. वेगळंच. सुमन पाण्याला गेली होती. मला जवळ बसवून घेतलं.

"किस्ना, तू ते संपीव. काय झालं ते लिव एकदा. मेलं म्हण. न्हायतर आलं म्हण."

मी म्हटलं, मला ठाऊक नाही गं.

"तुला न्हाय, मला न्हाय, सरकारला न्हाय. मग कागदावर तरी काय ते होऊ दे. हळदीकुंकवाला बायका मला बोलावत्यात आन् माझ्याम्होरं आल्या की गप्प व्हत्यात. सवाशीण म्हणू का नगं, त्यांस्नी कळत न्हाय. मला बी कळंना झालंय मी कोण हाय ते."

एवढं एकदम ती कधी बोलली नव्हती. नंतर खोकत राहिली.

मला ठाऊक आहे. हे वाक्य तोंडात आलं होतं. गिळलं.

६ एप्रिल

दोन गोष्टी सांगता येतात. तो मेला. किंवा तो आला, मुंबईपर्यंत आला, आणि तुझ्याकडं आला नाही. पहिली खोटी. दुसरी सांगायला मी कोण? कादंबरी लिहितो म्हणून?

सुमन म्हणते, एवढा विचार कसला करताय, आजारी माणसानं मागितलंय ते द्या.

११ एप्रिल

दुसरा शेवट लिहिला. शिवराम वेढ्यात, नदीकाठी, गोळी लागून पडतो. कैदसुद्धा होत नाही, आधीची दोन प्रकरणं त्यासाठी काढावी लागतील. चांगली भाषा आहे. सूर्यास्त आहे. माझीच मला किळस आली.

१३ एप्रिल

दुपारी वाचून दाखवला.

ती भिंतीला टेकून बसली होती. अक्षर न् अक्षर ऐकलं. मध्येच हात वर केला. मी थांबलो.

"धोंडी जवळ व्हता?"

पानावर धोंडी नव्हता. मी म्हटलं, होता.

"पाणी पाजलं त्यानं?"

"पाजलं."

"डोकं मांडीवर घेतलं असंल."

"घेतलं."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, मग बरं झालं. एकटं न्हाय गेलं.

पुढचं वाचता आलं नाही. तिनंही वाच म्हटलं नाही.

१४ एप्रिल

सकाळी चूल पेटवायला उठली तेव्हा कपाळ मोकळं होतं. कुंकवाचा करंडा सुमनच्या हातात दिला, तू वापर म्हणाली. सुमन माझ्याकडं बघत राहिली.

मी शाळेत गेलो. सातवीला भूगोल. नकाशावर इराणचं आखात दाखवायचं होतं, ते दाखवलं.

१५ एप्रिल

सुमनशी भांडण. मी म्हटलं, खरं सांगून टाकतो. ती म्हणाली, आता? काल कुंकू पुसलं, आज सांगणार नवरा परळात असेल? परत लावा म्हणणार?

मी टोपी घालून शाळेला निघालो.

२ मे, उचगाव

शाळेला सुट्टी. थोरल्या आईनं हट्ट धरला की तात्याचं क्रियाकर्म झालंच पाहिजे. इतकी वर्षं पाण्याविना राहिले म्हणते. आप्पांना निरोप गेला, ते लगेच तयार. मला वाटलं होतं ते तरी अडतील. म्हणाले, "झाकण पडत असंल तर पडू दे. तू गप ऱ्हा."

आमचं बोलणं झालं ते बांधावरच. तात्या जिवंत असेल, असं मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "आमच्यासाठी बंदरावरच मेला त्यो." आणि मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, परळ म्हणजे किती मोठं आहे? माणूस सापडण्यासारखं आहे का?

मी म्हटलं, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

व्हय, म्हणाले.

६ मे, उचगाव

आज झालं. नदीवर. प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करतात. भटजींनी करवून घेतला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. मुलगा नाही म्हणून अग्नी मी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला. धुरामुळं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यात माझं खपून गेलं.

बांगड्या गौराक्कानं उतरवल्या. हे काम गावातल्या थोरल्या विधवेचं. सत्तरीची, डोळ्यांनी जवळजवळ अंध. चाचपून चाचपून दगडावर एकेक फोडली. पंचवीस वर्षांच्या, निघत नव्हत्या, मनगट रक्ताळलं.

मग थोरली आई तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "आक्का, तुमच्या लेकानं माझ्या मालकाला पाणी पाजलं. जाताना मांडी दिली. किस्नाच्या पुस्तकात हाय."

गौराक्काला आधी कळलंच नाही. परत विचारलं. थोरल्या आईनं परत सांगितलं, मोठ्यांदा. मग ती म्हातारी माझ्या दिशेनं, चुकून जरा बाजूला, हात जोडून उभी राहिली. रडत होती आणि हसत होती. म्हणाली, माझ्या धोंडीचं कुणी काय सांगितलंच न्हवतं रं आजवर. लई उपकार झालं.

आप्पा नदीकडं बघत होते.

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

७ मे

गौराक्काच्या घरून नातू येऊन विचारून गेला. पुस्तक कधी येणार. त्याला आजीला वाचून दाखवायचंय.

१९ मे, बेळगाव

कु. मास्तरांना सगळं सांगितलं. पुतळ्याचं, गौराक्काचं. ते म्हणाले, पहिला शेवट, तो बुटांचा, जपून ठेवा. पन्नास वर्षांनी छापा. मी म्हटलं, तेव्हा मी कुठं असेन? ते म्हणाले, तुम्ही नसाल, गौराक्का नसतील. म्हणूनच तर.

आणि आता काय पाठवू? ते गोळीचं? पाठवा म्हणाले. मग थोड्या वेळानं: नका पाठवू.

२७ मे

प्रकाशकांचं कार्ड. वाट बघतोय, आठ-पंधरा दिवसांत पाठवावे.

बाड बांधायला घेतलं. नदीकाठचा शेवट वर ठेवला. सुतळी आवळली. सोडली. बुटांचा शेवट ठेवला. तो आवळवेना. दोन्ही काढून ठेवले. शेवट नसलेलं बाड हातात घेतलं तर तेवढंच जड लागतं.

कशासाठी हे सगळं? तात्याची गोष्ट जगाला कळावी म्हणून सुरुवात केली होती. आता माझं काम एवढंच, ती कुणाला कळू न देणं.

२ जून

थोरली आई आठवडाभर नीट जेवत नाही. दुखतंय का, नाही. हलकं वाटतंय म्हणते. सकाळी उठून चुकून कोनाड्यात हात घालते, करंडा नसतो, तसाच हात मागं घेते. सुमन तेवढ्या वेळेला बाहेर जाते.

आज म्हणाली, इतकी वर्सं दारात पाय वाजला की छातीत धस्स व्हायचं. आता वाजू दे म्हणावं कुणाचा बी.

५ जून

स्टेशनवर मुंबईच्या गाडीची चौकशी करून आलो. घरात कुणाला बोललो नाही. कुठली गिरणी, कुठली चाळ, नाव तेच ठेवलं असेल का. आणि सापडला तर काय सांगणार? तुझी बायको विधवा झाली. मी केली.

तिकीट काढलं नाही.

९ जून

वटपौर्णिमा. सुमन नटून वडाला गेली. गेल्या वर्षीपर्यंत दोघी जायच्या.

प्रकाशकांची मुदत सरत आली. सकाळपासून टेबलाशी आहे. बुटांचं प्रकरण काढून परत पहिल्यापासून लिहायला लागलोय, का ते ठाऊक नाही. कुणासाठी तेही नाही. धोंडी हाक मारतो तिथंवर आलो.

थोरली आई पदर कपाळावर ओढून मागं येऊन बसली. केव्हा आली कळलं नाही. म्हणाली, बायका गेल्या, घर खायला उठलंय, वाच की काही तरी पुढचं.

मी म्हटलं, पुढचं काही नाही, पुस्तक संपलं. तुला वाचून दाखवलं होतं की.

तिनं टेबलावरच्या ओल्या शाईकडं बघितलं. तिला अक्षर कळत नाही.

"मग आज काय लिवतुयास?"